लेखक कोण ते आधी सांगा

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एकदा एक नोटीस लागली. शारजातल्या अल नहदामधली आमची इमारत चौदा मजल्यांची आहे आणि लिफ्टमध्ये नोटीस लागणं ही तिथे बातमी नसते. हिंदीतला मजकूर साधारण असा होता : रहिवाशांनी कॉरिडॉरमध्ये चपला ठेवू नयेत. ठेवल्यास त्या उचलून नेण्यात येतील. आणि मासे तळताना दार लावून घ्यावे, आम्हालाही जीव आहे.

साळवेकाकांनी चष्मा कपाळावर सरकवून ती तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत वाचली आणि जाहीर केलं, "ह्याचे लेखक दोन आहेत."

लिफ्टमध्ये आम्ही सहाजण होतो. त्यातल्या चौघांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी सगळे आदराने ऐकू लागले. काकांचा आवाजच तसा आहे.

"पहिली दोन वाक्यं ऑफिसातली. थंड. उचलून नेण्यात येतील म्हणे. कोण नेणार, ते नाही सांगत. तिसरं वाक्य वॉचमनचं. आम्हालाही जीव आहे, हे कुठल्या कंपनीला सुचेल?"

संध्याकाळी त्यांनी खाली जाऊन वॉचमनला विचारलंच. त्याने आधी जीभ चावली, मग हसत कबूल केलं. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अच्छा लिखा है. अगली बार नाम भी डालना."

प्रभाकर साळवे. मूळचे नेवाशाकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. दुबईत रास अल खोरला आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत, मी एस्टिमेशनला. माझा नवरा आठवडाभर नोकरीसाठी अबू धाबीच्या खलिफा सिटीत असतो आणि आमची एकुलती गाडी त्याच्याबरोबर, त्यामुळे मी साळवेकाकांच्या गाडीतून ऑफिसला जाते. म्हणजे मी गेली काही वर्षं रोज सकाळी बायबलच्या नव्या कराराच्या वर्गाला बसते.

त्याचं असं आहे. बांधकामाच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते : कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. ह्या तीन सह्या नसतील तर काकांच्या लेखी ती इमारत जगात नाही, मग तिच्यात लोक राहायला का गेलेले असेनात. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस रोज बायबल वाचतो, तेव्हा व्हायचं ते झालं. काका चौकट शोधू लागले. आणि चौकट सापडेना.

"मत्तयाचं शुभवर्तमान," एकदा सिग्नलला गाडी थांबल्यावर ते म्हणाले. "आख्खं वाच. हे मी मत्तयाने लिहिलं, असं कुठे म्हटलंय? नाही! नाव नंतर चिकटवलंय. पहिल्या प्रतीवर, रिव्हिजन झीरोवर, नावच नाही!"

"मग लिहिलं कोणी?"

"तोच तर प्रश्न आहे ना, मंजिरी!" आणि आनंदाने त्यांनी हॉर्न वाजवला. मागच्या ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून "यल्ला, यल्ला" करत पुढे व्हायला सांगितलं, म्हणजे सिग्नल केव्हाच सुटला होता.

सकाळी शारजातून दुबईत शिरायला जो वेळ लागतो, त्यात मार्कचं शुभवर्तमान आरामात होतं, कारण मार्क आटोपशीर आहे. लूक लांबलचक, त्याला हिवाळ्यातलं धुकं लागतं. मार्कचा शेवट दुसऱ्या कोणाचा तरी आहे, हे मला काकांनी पुलावर सांगितलं. जुन्यातल्या जुन्या प्रतींत म्हणे बायका येशूच्या रिकाम्या कबरेपासून घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि खलास. तिथेच संपतं. "मग कोणाला तरी राहवलं नाही. असा कसा शेवट? म्हणून त्याने पुढच्या ओळी जोडल्या. चांगला माणूस असणार. पण सही नाही केली."

नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यांतली सात त्याचीच, ह्यावर पंडितांचं एकमत आहे. उरलेल्या सहांवर भांडण. इब्री लोकांस पाठवलेल्या पत्रावर तर नावच नाही, ते लोकांनी उगाच पौलाच्या गळ्यात बांधलं. "ग्रीक किती देखणं आहे त्यातलं! पौलाचं असणंच शक्य नाही."

"म्हणजे पौलाचं ग्रीक वाईट होतं?"

"वाईट नव्हे गं. घाईचं. माणूस सतत फिरतीवर."

हे ते अशा आपुलकीने सांगत, की पौल आमच्या साइटवरचा कोणी सुपरवायझर असावा. ग्रीक त्यांना येतं का, असं तुम्ही विचाराल. येतं. चाळिशी उलटल्यावर शिकले. गाडीच्या डॅशबोर्डवर ग्रीक क्रियापदांची चिठ्ठी चिकटवलेली असे, आणि ट्रॅफिक तुंबला की लोक शिव्या देत, काका क्रियापदं चालवत.

त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत साधी होती. "सही कोणीही खोटी करेल. पण माणसाचे नेहमीचे शब्द असतात ना, ते लपत नाहीत." आमच्या एका सबकॉन्ट्रॅक्टरने सुरक्षेचा आराखडा पाठवला, त्यात छतावर बर्फ साचल्यास घ्यायची काळजी दिली होती. काकांनी तो आमच्या मॅनेजरसमोर ठेवला. "सर, हा माणूस थंड देशातला आहे. आपला नाही." मॅनेजर लेबनीज, दिलखुलास. खिडकीबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे बघत तो म्हणाला, "हबीबी, बर्फ पडला तर मी स्वतः झाडू घेऊन येईन."

माझ्या लेकीचा, ईशाचा, शाळेचा निबंधही त्यांनी पकडला. विषय होता 'माझी आजी'. दोन ओळी वाचून ते म्हणाले, "ही आजी कोणाचीच नाही."

"ओके, फाइन, काका," ईशा म्हणाली. "चॅटबॉटने लिहिलं. एव्हरीवन डझ इट."

"बेटा, पण ह्यात तुझी आजी कुठे आहे? ती रागावत नाही का कधी?"

"ऑल द टाइम!"

"मग तेवढं एक लिही."

कधीकधी ते सपशेल चुकतही. मॅनेजरने निरोपसमारंभात एक भाषण केलं, तेव्हा काकांनी माझ्या कानात, पण इंग्रजीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शेवटचा भाग एचआरचा आहे. भावना कमी, स्पेलिंग जास्त." तो भाग मॅनेजरच्या बायकोने लिहिला होता आणि ती आमच्या पुढच्याच खुर्चीत बसली होती. नंतर काकांनी दोन दिवस कोणाच्याही लेखनाबद्दल मत दिलं नाही. त्यांच्यासाठी तो उपवासच होता.

मी एकदा घाबरत विचारलं होतं, "काका, हे सगळं शोधून तुमचा विश्वास डळमळत नाही?"

त्यांना हसू आलं. "अगं, वडिलांचं पत्र आलं की आपण पाकीट फोडायच्या आधी अक्षर बघायचो की नाही? ते काय संशयाने बघायचो?"

चर्चमध्ये मात्र हे सगळ्यांना पटण्यासारखं नव्हतं. शारजात रविवारी मराठी मंडळीची उपासना असते आणि त्यानंतर शास्त्राभ्यास. पूर्वी वाचनाची पाळी काकांकडे यायची. ती काढून घेतली, कारण वाचण्याआधी ते म्हणत, "पौलाचं म्हणून समजलं जाणारं, तीमथ्याला दुसरं पत्र." मंडळीतल्या रणपिसेबाई वयाने आणि आवाजाने मोठ्या. त्या उभ्या राहिल्या. "मत्तयाचं मत्तयाने लिहिलं नाही, पौलाचं पौलाने लिहिलं नाही, मग काय शेजाऱ्यांनी लिहिलं?"

"शक्य आहे, बाई," काका गंभीरपणे म्हणाले. "शेजारी चांगले असतील तर."

पाळकसाहेब तरुण होते, पुण्याला शिकलेले. त्यांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "साळवेसाहेब, हे सगळं आम्हालाही कॉलेजात शिकवलंय. पण मंडळीत जरा जपून." काका म्हणाले, "मग तर तुम्ही माझ्याहून जास्त दोषी आहात."

पण खरी वादावादी झाली ती एका शब्दावरून. तीमथ्याला लिहिलेल्या त्या दुसऱ्या पत्रात पौल तुरुंगातून लिहितो, की मागे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, आणि हिवाळ्याच्या आत ये. वाचताना डोळे भरून यावेत अशी ती जागा. काकांचं म्हणणं, हे पत्र पौलाच्या मागे त्याच्या कोणा शिष्याने पौल बनून लिहिलंय. "आणि हुशारी बघा! खरं वाटावं म्हणून झगासुद्धा विसरायला लावला. ह्याला सोप्या मराठीत बनावट म्हणतात. आमच्या ऑफिसात दुसऱ्याच्या नावाने सही केली तर त्याच दिवशी घरी पाठवतात."

बनावट हा शब्द ऐकून दोन कुटुंबं उठून गेली. रणपिसेबाई बसून राहिल्या, पण त्यांनी काकांकडे पाठ फिरवली. आणि ती फिरलेलीच राहिली.

ह्या सगळ्यात एकच माणूस काकांना आवरू शकत असे, ते म्हणजे त्यांची बायको, रूथकाकू. एका शाळेत त्या हिंदी शिकवत. बोलणं सुरीसारखं. काकांचं प्रवचन रंगात आलं, की त्या आतून पोळ्या लाटता लाटता म्हणत, "अहो, कोणी का लिहिलेलं असेना. पाळायचं कोणी, ते सांगा."

काका हळूच मला सांगत, "हिचं वाक्य मात्र अस्सल असतं. कोणाचं चोरलेलं नसतं."

गेल्या वर्षी, रमजानच्या थोडं आधी, रूथकाकू शाळेतच फळ्यासमोर पडल्या. मेंदूला झटका. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. टीव्हीवरचा विनोद कळून हसत, भाजीत मीठ कमी असेल तर ताट सरकवत. फक्त शब्द बाहेर येत नव्हते. जिभेवर एकच शब्द शाबूत राहिला होता : नाही. तोही नेहमी नाही, मनाविरुद्ध काही झालं तर अचानक, लख्ख.

"आधीही तिचा मुख्य शब्द तोच होता," काका म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला.

त्यानंतर गाडीत शांतता पसरली. पुलावर गाडी तुंबली तरी क्रियापदं नाहीत. मी मुद्दाम विचारलं, "काका, पेत्राचं दुसरं पत्र खरंच पेत्राचं आहे का हो?" ते म्हणाले, "असेल गं." साळवेकाका 'असेल' म्हणाले!

काकूंना गाडीतून खुर्चीत आणि खुर्चीतून बाकावर नेणं एकट्याचं काम नव्हतं, म्हणून दर रविवारी मी त्यांच्याबरोबर चर्चला जाऊ लागले. काकूंच्या शेजारी बसायचं, त्यांना पान काढून द्यायचं. मला ते आवडायला लागलं. रणपिसेबाई काकूंसाठी डब्यातून खीर आणत, काकांकडे न बघता.

एका रविवारी अभ्यासाला नेमकी तीमथ्याची पत्रं निघाली. पाळकसाहेबांनी झग्याची ओळ वाचली, घसा खाकरला आणि धीर करून विचारलं, "साळवेसाहेब, तुम्हाला काही म्हणायचंय?"

मंडळी सावरून बसली. रणपिसेबाईंनी पदर खोचला.

काका उभे राहिले.

"हे पत्र पौलाने लिहिलं नाही, असं मला अजूनही वाटतं," ते म्हणाले. "शब्द त्याचे नाहीत. पण मी मागे एक शब्द वापरला होता, तो परत घेतो."

त्यांनी पुस्तकातल्या झग्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी असा विचार केला. गुरू गेला असेल, किंवा त्याला बोलता येत नसेल. आणि लांब कुठेतरी बसलेली माणसं विचारतायत, गुरुजी काय म्हणतात? काय सांगणार त्यांना? काही म्हणत नाहीत, असं? मग शिष्य बसला आणि आठवून आठवून लिहिलं, की ते असते तर काय म्हणाले असते. चुकला असेल. पण गुरूला हिवाळ्यात थंडी वाजेल, झगा लागेल, हे ज्याच्या मनात आलं..." ते थांबले. "त्याला लबाड म्हणणाऱ्यालाच काही कळत नव्हतं."

ते बसले. काकूंनी डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. रणपिसेबाई वळून बघत होत्या. "तरी पौलाने नाहीच लिहिलं म्हणायचं का तुमचं?" त्यांनी विचारलं, पण आवाज मऊ होता.

"नाहीच, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि डब्यातली खीर त्यांनी पहिल्यांदा काकांनाही वाढली.

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडेच जेवायला थांबले. जेवण होतंय तोच काकांनी घड्याळ बघितलं, काकूंची खुर्ची खिडकीशी ओढली, स्वतः शेजारी स्टूल घेतलं आणि फोन स्पीकरवर लावून मधल्या तिपाईवर ठेवला. "तिच्या आईला," ते मला हळूच म्हणाले. "रविवारचा फोन आहे. त्यांना काही सांगितलेलं नाही. फार म्हाताऱ्या आहेत, डोळ्यांनी दिसत नाही. रूथचा घसा बसलाय, डॉक्टरने बोलायला बंदी केलीय, एवढंच ठाऊक आहे."

"तेव्हापासून?"

"एसीचा त्रास, म्हणून सांगतो."

पलीकडे कोणीतरी म्हातारीच्या हातात फोन दिला. कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आई, नमस्कार. मी प्रभाकर. रूथ शेजारीच बसलीय. ती विचारतेय, तुमचे गुडघे कसे आहेत?"

मी घास हातात धरून ऐकत राहिले. काका आधी काकूंच्या चेहऱ्याकडे बघत, भुवई, बोट, मान, सगळं निरखत, आणि मग बोलत. रूथ म्हणतेय, थोरल्या वहिनीची तब्येत कशी आहे. रूथ म्हणतेय, उन्हात अंगणात बसू नका. मध्येच काकू मान हलवत आणि ते मुकाट्याने वाक्य बदलत. एक बोलत होतं, एक तपासत होतं. आमच्या ऑफिसातलं कुठलंच कागदपत्र इतक्या काळजीने गेलं नसेल.

मग काकांना भरून आलं असावं. ते म्हणाले, "आणि आई, रूथ म्हणतेय, तिला तुमची फार फार आठवण येते. डोळ्यांत पाणी येतं म्हणतेय."

काकूंनी डाव्या हाताने त्यांच्या मनगटावर चापट मारली. "नाही!"

शब्द लख्ख उमटला. फोनपर्यंत पोचला. काका पांढरे पडले.

पलीकडे कोंबड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"रूथ बोलली का ती?" म्हातारीने विचारलं.

"हो, आई."

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, कोणीतरी पाणी दिलं, ती प्यायली आणि पुन्हा हसली. "तीच आहे. तीच माझी रूथ! अहो जावईबापू, आठवण येते, डोळ्यांत पाणी येतं, हे काय ती बोलेल? ते तुमचं बोलणं. लहानपणापासून त्या पोरीने असं तोंडातून काढलं नाही. ती आपली एकच विचारायची, औषध घेतलंस का गं, अन् ठेवून द्यायची फोन."

काकांनी फोन थोडा जवळ ओढला.

"घसा काय वर्षभर बसतो का?" म्हातारी सावकाश म्हणाली. "मला दिसत नाही, पण कळतं. पहिल्या महिन्यातच कळलं. म्हटलं, सांगतील त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा."

"आई, मी..." काका म्हणाले. "मला तुम्हाला फसवायचं नव्हतं."

"फसवताय कुठे? तुम्ही थांबू नका. दर रविवारी सांगत जा. तिचं कुठलं, तुमचं कुठलं, ते मी इथे बसून निवडते. मला दुसरा उद्योग काय आहे? दोन्ही पुरतं मला."

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मग काकूंकडे वळले. "आता काय सांगू?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी खरोखरच विचारलं, एखादा विद्यार्थी विचारेल तसं.

काकूंनी थोडा विचार केला. मग डाव्या हाताची दोन बोटं जुळवून ती जिभेजवळ नेली आणि भुवया उंचावल्या.

काका फोनकडे वाकले. आजवर त्यांनी सासूबाईंना कधी अहो-जाहो सोडून हाक मारली नव्हती. त्यांचे कान लाल झाले होते. पण त्यांनी एकही अक्षर बदललं नाही.

"औषध घेतलंस का गं?"

पलीकडे जराही विचार न करता म्हातारी म्हणाली, "घेतलं गं, बाई. घेतलं."